उदारविद्या महाविद्यालये, अमेरिकेतील

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील, मुख्यतः पहिल्या पदवीपर्यंतचे शिक्षण देणारी लहान, बहुधा खाजगी व निवासी महाविद्यालये. भाषा-साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान, गणित, निसर्गविज्ञाने आणि सामाजिक शास्त्रे यांचा एकत्रित अभ्यासक्रम, लहान वर्ग आणि अध्यापक व विद्यार्थी यांचा निकट सहवास ही त्यांची प्रमुख लक्षणे होत. अशा महाविद्यालयात सामान्यतः १,००० ते ३,००० विद्यार्थी असतात, उदा., मॅसॅचूसेट्स राज्यातील ॲम्हर्स्ट व विल्यम्स या महाविद्यालयांची विद्यार्थिसंख्या प्रत्येकी सु. २,००० आहे. याउलट ओहायओ स्टेटसारख्या एका विद्यापीठात ६०,००० हून अधिक विद्यार्थी शिकतात. या दोन प्रकारच्या संस्थांपैकी अधिक चांगले शिक्षण कोठे मिळते, हा प्रश्न अमेरिकेत शंभराहून अधिक वर्षे चर्चिला जात आहे. त्याचे उत्तर केवळ आकारमानावरून देता येत नाही. संस्था कोणासाठी चालते आणि तिचा भार कोण वाहतो, हेही पाहावे लागते.

संज्ञा व स्वरूप : ‘उदार विद्या’ या संकल्पनेचे मूळ प्राचीन ग्रीक-रोमन विचारात आहे. स्वतंत्र नागरिकाला आवश्यक त्या विद्या उदार, तर उपजीविकेसाठी शिकावयाची कौशल्ये त्यांहून वेगळी, असा भेद त्या काळी केला जाई. मध्ययुगीन यूरोपात या विद्यांची संख्या सात ठरली. व्याकरण, तर्क व वक्तृत्व ही त्रयी आणि अंकगणित, भूमिती, संगीत व ज्योतिष ही चतुष्टयी. भारतातील ‘कला शाखा’ आणि ही संकल्पना एकच नव्हेत. उदार विद्यांत गणित व विज्ञान यांचा अंतर्भाव प्रारंभापासूनच आहे. वैद्यक, कायदा, अभियांत्रिकी, वाणिज्य यांसारखे व्यावसायिक अभ्यासक्रम मात्र त्यांत सामान्यतः येत नाहीत.

भारतीय वाचकाने आणखी एक भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाले. अभ्यासक्रम ठरविणे, परीक्षा घेणे व पदवी देणे ही कामे विद्यापीठाकडे आणि अध्यापन संलग्न महाविद्यालयांकडे, अशी विभागणी त्यातून रूढ झाली. अमेरिकन महाविद्यालय कोणत्याही विद्यापीठाशी संलग्न नसते. आपल्या सनदेच्या आधारे ते स्वतःच अभ्यासक्रम आखते, परीक्षा घेते आणि पदवी देते. त्यामुळे तेथील महाविद्यालय व विद्यापीठ हे एकाच रचनेतील कनिष्ठ व वरिष्ठ घटक नसून परस्परांहून स्वतंत्र आणि अनेकदा स्पर्धक असे दोन प्रकार आहेत.

प्रारंभीचा काळ : हार्व्हर्ड (१६३६) ही अमेरिकेतील पहिली उच्च शिक्षणसंस्था केंब्रिजमधील महाविद्यालयांच्या नमुन्यावर निघाली. स्वातंत्र्ययुद्धापूर्वी अशी नऊ महाविद्यालये वसाहतींत स्थापन झाली होती. त्यांपैकी प्रत्येकातील विद्यार्थी फार तर काहीशे असत. लहान असणे हे त्या काळी कोणाचे धोरण नव्हते. तुलनेसाठी मोठी संस्थाच अस्तित्वात नव्हती. स्वातंत्र्यानंतर वसाहत पश्चिमेकडे सरकत गेली, तसतशी निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांनी नव्या गावी महाविद्यालये काढली. विल्यम्स (१७९३), ॲम्हर्स्ट (१८२१), ओहायओतील ओबर्लिन (१८३३), आयोवातील ग्रिनेल (१८४६), मिनेसोटातील कार्लटन (१८६६) ही काँग्रिगेशनल पंथीयांच्या प्रेरणेने, तर पेनसिल्व्हेनियातील हॅव्हरफर्ड (१८३३) व स्वॉर्थमोर (१८६४) ही क्वेकर पंथीयांच्या प्रेरणेने निघाली.

महाविद्यालय आणि विद्यापीठ यांतील पहिला प्रसिद्ध संघर्ष न्यायालयात लढला गेला. न्यू हँपशर राज्याच्या विधिमंडळाने १८१६ मध्ये डार्टमथ महाविद्यालयाची १७६९ ची सनद बदलून त्याचे विद्यापीठात रूपांतर केले आणि त्यावर राज्याचे नियंत्रण आणले. जुन्या विश्वस्तांनी ते अमान्य केल्याने काही काळ एकाच गावात डार्टमथ महाविद्यालय व डार्टमथ विद्यापीठ शेजारी शेजारी चालत होते. सर्वोच्च न्यायालयात विश्वस्तांची बाजू डार्टमथचा माजी विद्यार्थी डॅन्येल वेब्स्टर (१७८२–१८५२) याने मांडली. आपले महाविद्यालय लहान असले, तरी त्याच्यावर माया करणारी माणसे आहेत, असे सांगताना त्याचा कंठ दाटून आला, अशी आख्यायिका आहे. १८१९ मध्ये मुख्य न्यायाधीश जॉन मार्शल याने सनद हा करार असून राज्याला तो एकतर्फी मोडता येत नाही, असा निर्णय दिला. या निर्णयामुळे खाजगी महाविद्यालयांना राज्यसत्तेपासून संरक्षण मिळाले. त्याचबरोबर, राज्यांना आपली विद्यापीठे हवी असल्यास ती स्वतःच्या खर्चाने नव्याने उभारावी लागतील, हेही स्पष्ट झाले.

अभ्यासक्रमाच्या दृष्टीने १८२८ चे येल प्रतिवृत्त महत्त्वाचे आहे. येलचा अध्यक्ष जेरेमाया डे (१७७३–१८६७) याच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या या प्रतिवृत्ताने मनाला शिस्त लावणे व ज्ञानाने ते समृद्ध करणे, ही शिक्षणाची उद्दिष्टे सांगितली आणि लॅटिन-ग्रीकप्रधान अभ्यासक्रमाचे समर्थन केले. तत्त्व उदात्त असले, तरी व्यवहारात वर्गातील बराचसा वेळ पाठ म्हणून दाखविण्यात जाई. त्या काळातील उत्तम अध्यापनाचे प्रतीक म्हणून विल्यम्सचा अध्यक्ष मार्क हॉपकिन्स (१८०२–८७) याचा उल्लेख केला जातो. एका ओंडक्याच्या एका टोकाला हॉपकिन्स आणि दुसऱ्या टोकाला विद्यार्थी बसला की महाविद्यालय झाले, अशा आशयाचे उद्‌गार त्याचा विद्यार्थी आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला जेम्स गारफील्ड याच्या नावावर रूढ आहेत. जुन्या महाविद्यालयांत हॉपकिन्ससारखे अध्यापक मोजकेच होते, हे मात्र या प्रतिमेमुळे विसरले जाते.

ओंडक्यावर बसण्याचा अधिकारही सर्वांना नव्हता. बहुतेक महाविद्यालये गोऱ्या पुरुषांपुरती मर्यादित होती. ओबर्लिनने १८३५ मध्ये कृष्णवर्णीयांना प्रवेश देण्याचे ठरविले आणि १८३७ मध्ये पदवी अभ्यासक्रमात स्त्रियांना प्रवेश दिला. त्याच वर्षी मेरी लायन (१७९७–१८४९) हिने मौंट होल्योक ही संस्था स्त्रियांसाठी काढली. पुढे व्हासार (१८६१), वेल्झली (१८७०), स्मिथ (१८७१) व ब्रिन मॉर (१८८५) ही स्त्रियांची महाविद्यालये निघाली. यादवी युद्धानंतर मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांसाठी टेनेसीत फिस्क (१८६६), जॉर्जियात मोरहाउस (१८६७) व स्पेलमन (१८८१) या संस्था स्थापन झाल्या. मोठ्या संस्थांचे दरवाजे ज्यांना बंद होते, त्यांच्यासाठी लहान महाविद्यालय हे उच्च शिक्षणाचे बहुधा एकमेव द्वार ठरले.

विद्यापीठांचा उदय : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन घटनांनी हे चित्र पालटले. १८६२ च्या मॉरिल अधिनियमाने प्रत्येक राज्याला काँग्रेसमधील त्याच्या प्रत्येक प्रतिनिधीमागे ३०,००० एकर या प्रमाणात संघराज्याची जमीन देऊ केली आणि तिच्या उत्पन्नातून कृषी व यंत्रविद्या शिकविणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या. दुसरी घटना म्हणजे जर्मन विद्यापीठांच्या आदर्शावर १८७६ मध्ये बॉल्टिमोर येथे सुरू झालेले जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ. पहिला अध्यक्ष डॅन्येल कॉइट गिलमन (१८३१–१९०८) याने संशोधन व डॉक्टरेटचे शिक्षण यांना तेथे अग्रस्थान दिले. हार्व्हर्डमध्ये चार्ल्स एलियट (१८३४–१९२६) याने आपल्या चाळीस वर्षांच्या कारकीर्दीत (१८६९–१९०९) ऐच्छिक विषयांची पद्धती रूढ करून ठराविक अभ्यासक्रम मोडीत काढला. प्रयोगशाळा, मोठी ग्रंथालये व विशेषज्ञ प्राध्यापक यांमुळे ज्ञाननिर्मितीचे केंद्र विद्यापीठाकडे सरकले. ‘लहान’ हे विशेषण महाविद्यालयाला याच काळात चिकटले आणि त्यात उणिवेचा सूर होता.

शिकागो विद्यापीठाचा पहिला अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर (१८५६–१९०६) याने १९०० मध्ये लहान महाविद्यालयांच्या भवितव्याचा परामर्श घेताना त्यांतील काही टिकतील, काही शाळांच्या पातळीवर उतरतील आणि पुष्कळशी दोन वर्षांच्या कनिष्ठ महाविद्यालयांत रूपांतरित होतील, असे भाकीत केले. त्याच वर्षी चौदा विद्यापीठांनी ‘असोसिएशन ऑफ अमेरिकन युनिव्हर्सिटीज’ ही संघटना स्थापन केली. लहान महाविद्यालयाचा काळ संपला, असे अनेकांना वाटू लागले.

पुनर्रचना : ते भाकीत पूर्णतः खरे ठरले नाही, कारण उत्तम महाविद्यालयांनी विद्यापीठाचे अनुकरण करण्याऐवजी अध्यापन हेच आपले क्षेत्र ठरविले. १९०५ मध्ये स्थापन झालेल्या कार्नेगी प्रतिष्ठानाने प्राध्यापकांना निवृत्तिवेतन देताना संस्था पंथीय नियंत्रणाखाली नसावी, अशी अट घातली. त्यामुळे अनेक महाविद्यालयांनी चर्चशी असलेले औपचारिक संबंध तोडले. स्वॉर्थमोरचा अध्यक्ष फ्रँक एडलॉट (१८८०–१९५६) याने १९२२ मध्ये ऑक्सफर्डच्या धर्तीवर विशेष प्रावीण्याचा अभ्यासक्रम सुरू केला. त्यात वरच्या दोन वर्षांतील निवडक विद्यार्थी लहान चर्चावर्गांत अभ्यास करीत आणि त्यांची परीक्षा बाहेरचे परीक्षक घेत. शिक्षक व परीक्षक वेगळे असल्याने शिक्षक विद्यार्थ्याच्या बाजूने उभा राहतो, हा या योजनेचा विशेष होय. कॅलिफोर्नियात पमोना महाविद्यालयाने (१८८७) आपला विस्तार करण्याऐवजी १९२५ मध्ये शेजारी नवी महाविद्यालये काढून ग्रंथालयादी सोयी समाईक ठेवण्याचा क्लेअरमाँट समूहाचा मार्ग स्वीकारला.

याच सुमारास मोठ्या विद्यापीठांनाही महाविद्यालयाची उणीव भासू लागली. एडवर्ड हार्कनेस याच्या देणगीतून हार्व्हर्डने व येलने १९३० नंतरच्या काही वर्षांत विद्यार्थ्यांसाठी निवासी गृहांची व्यवस्था केली. विद्यापीठाच्या पोटात लहान समुदाय निर्माण करणे, हा तिचा हेतू होता.

महायुद्धोत्तर काळ : १९४४ च्या अधिनियमाने निवृत्त सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च संघराज्याने उचलला आणि विद्यार्थिसंख्या झपाट्याने वाढली. ही वाढ प्रामुख्याने राज्यांच्या विद्यापीठांनी सामावून घेतली. अल्प शुल्कात लक्षावधी विद्यार्थ्यांना पदवीपर्यंत नेण्याचे कार्य त्यांनीच केले. लहान महाविद्यालयांच्या आवाक्यात ते नव्हते. कॅलिफोर्निया विद्यापीठाचा अध्यक्ष क्लार्क कर (१९११–२००३) याने १९६३ मध्ये अशा महाकाय संस्थेला ‘मल्टिव्हर्सिटी’ ही संज्ञा वापरली आणि तीत पदवीपूर्व अध्यापनाची उपेक्षा होते, हेही नमूद केले. पुढच्याच वर्षी बर्कली येथे भाषणस्वातंत्र्यासाठी झालेल्या विद्यार्थी आंदोलनात आपण केवळ यंत्राच्या छिद्रांकित पत्रिका झालो आहोत, ही तक्रार वारंवार ऐकू आली.

यावर उपाय म्हणून त्याच विद्यापीठाने १९६५ मध्ये सांता क्रूझ येथे लहान लहान निवासी महाविद्यालयांचे बनलेले नवे केंद्र उघडले. तेथे प्रारंभी गुणांऐवजी लेखी अभिप्राय दिले जात. परंतु प्राध्यापकांची बढती संशोधनावर आणि विषयवार विभागांच्या मतावर अवलंबून राहिल्याने १९७० च्या दशकाअखेर अध्यापनाची सूत्रे विभागांकडे गेली व महाविद्यालये मुख्यतः निवासापुरती उरली. सहवासाचे शिक्षण केवळ इमारतींच्या रचनेने साधत नाही; अध्यापकाची नेमणूक व बढती कशावर ठरते, यावर ते अवलंबून असते, हे या प्रयोगाने दाखविले.

तुलना : लहान महाविद्यालयाचे बळ अध्यापनात आहे. मोठ्या विद्यापीठात पहिल्या वर्षाची व्याख्याने कित्येकदा शेकडो विद्यार्थ्यांपुढे होतात आणि उजळणीचे वर्ग व उत्तरपत्रिका संशोधक विद्यार्थ्यांकडे असतात. महाविद्यालयात असा मधला स्तर नसल्याने निबंध प्राध्यापकच तपासतो आणि प्रयोगशाळेतील संशोधनात पदवीपूर्व विद्यार्थ्यालाच मदतनीस म्हणून घेतो. ओबर्लिनमधील रसायनशास्त्राचा प्राध्यापक फ्रँक ज्यूएट याच्या प्रोत्साहनाने चार्ल्स मार्टिन हॉल याने पदवी घेतल्यानंतर एका वर्षाच्या आत, १८८६ मध्ये, ॲल्युमिनियम विद्युत्‌विच्छेदनाने मिळविण्याची स्वस्त पद्धत शोधून काढली. अलीकडच्या काळातील नोबेल पारितोषिकाचे मानकरी टॉमस चेक (रसायनशास्त्र, १९८९) ग्रिनेलचे, जॉन मादर (भौतिकी, २००६) स्वॉर्थमोरचे, तर जेनिफर डाउडना (रसायनशास्त्र, २०२०) पमोनाच्या पदवीधर होत. चेक यांनी १९९९ मध्ये लिहिलेल्या एका निबंधात, पदवीधरांच्या संख्येच्या प्रमाणात पाहता या महाविद्यालयांतून पुढे विज्ञानात डॉक्टरेट मिळविणारे विद्यार्थी सर्वसाधारण संस्थांच्या सु. दुप्पट निघतात, असे दाखविले.

अशा आकड्यांचा अर्थ मात्र सावधपणे लावावा लागतो. नामांकित महाविद्यालये मुळातच निवडक विद्यार्थ्यांना प्रवेश देतात. त्यामुळे यशाचे श्रेय अध्यापनाला किती आणि निवडीला किती, हे वेगळे काढणे कठीण आहे. शिवाय वरील तिन्ही शास्त्रज्ञांनी डॉक्टरेट मिळविली ती बर्कली व हार्व्हर्ड या विद्यापीठांत. जिज्ञासा महाविद्यालयात जागी व्हावी आणि तिची परिणती विद्यापीठात व्हावी, असा हा क्रम आहे. समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस (१८६८–१९६३) यांनी १८८८ मध्ये फिस्कची पदवी घेतली. परंतु हार्व्हर्डने ती पूर्णतः न मानता त्यांना तिसऱ्या वर्षात बसविले. तेथे त्यांनी १८९० मध्ये पुन्हा पदवी व १८९५ मध्ये डॉक्टरेट मिळविली. मार्टिन ल्यूथर किंग यांचे पदवीचे शिक्षण मोरहाउसमध्ये (१९४८) आणि डॉक्टरेट बॉस्टन विद्यापीठात (१९५५) झाली.

लहान महाविद्यालयाच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. एखाद्या विषयाला एक-दोनच अध्यापक असतात. त्यांपैकी एक रजेवर गेला की तो विषयच थांबतो. अभियांत्रिकी, दुर्मिळ भाषा, महागडी वैज्ञानिक उपकरणे यांची सोय क्वचितच असते. आडगावी वसलेल्या लहान समुदायात निकटतेबरोबर कोंडलेपणही येते. या उणिवांवर सहकार्य हा एक उपाय ठरला. ॲम्हर्स्ट, स्मिथ व मौंट होल्योक ही महाविद्यालये आणि मॅसॅचूसेट्स विद्यापीठ यांनी आपल्या सहकार्याला १९६५ मध्ये संस्थात्मक रूप दिले. त्यामुळे एका संस्थेतील विद्यार्थी दुसरीतील वर्गांना बसू शकतो.

महाराष्ट्राशी संबंध : विल्यम्स महाविद्यालयातील काही विद्यार्थ्यांनी १८०६ मध्ये वादळात गवताच्या गंजीआड आश्रय घेतला असता परदेशी धर्मप्रसाराचा संकल्प सोडला. त्यातून पुढे उभ्या राहिलेल्या अमेरिकन बोर्डाने विल्यम्सचाच पदवीधर गॉर्डन हॉल (१७८४–१८२६) याला भारतात पाठविले. तो १८१३ मध्ये मुंबईस पोहोचला. अमेरिकन मराठी मिशनच्या शैक्षणिक कार्याचा हा प्रारंभ होय. पंडिता रमाबाई यांनी १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत केलेल्या वास्तव्यावरील आपल्या ग्रंथात (१८८९) तेथील स्त्रीशिक्षणाची माहिती मराठी वाचकांना करून दिली. मध्यपश्चिमेतील लहान महाविद्यालयांच्या संघाने १९६९ पासून आपले विद्यार्थी मराठी भाषा व भारतीय संस्कृती यांच्या अभ्यासासाठी पुण्यास पाठविण्यास प्रारंभ केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व दलित चळवळ यांच्या अभ्यासक एलिनॉर झेलिअट (१९२६–२०१६) यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात डॉक्टरेट मिळविली आणि १९६९ ते १९९७ या काळात कार्लटन महाविद्यालयात अध्यापन केले. महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाचा हा अभ्यास एका लहान गावातील महाविद्यालयात जोपासला गेला.

आर्थिक स्थिती : निकट अध्यापन खर्चिक असते. अध्यापकामागे आठ-दहा विद्यार्थी ठेवावयाचे, तर शुल्क वाढवावे लागते किंवा दाननिधी मोठा असावा लागतो. विल्यम्स, ॲम्हर्स्ट, पमोना यांचे दाननिधी अब्जावधी डॉलरचे आहेत, म्हणून ती गरजू विद्यार्थ्यांना उदार साहाय्य देऊ शकतात. केंटकीतील बेरिया महाविद्यालयाने १८९२ पासून शिक्षणशुल्कच घेतलेले नाही. तेथे विद्यार्थी संस्थेत श्रम करतात. बहुसंख्य महाविद्यालयांची भिस्त मात्र शुल्कावरच आहे. विद्यार्थी टिकविण्यासाठी त्यांनी वाणिज्य, परिचर्या यांसारखे व्यावसायिक अभ्यासक्रम सुरू केले. अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड ब्रेनेमन यांनी १९९० मध्ये, किमान ४० टक्के पदव्या उदार विद्यांत देणारी संस्था हा निकष लावला, तेव्हा देशात खऱ्या अर्थाने अशी केवळ २१२ महाविद्यालये आढळली.

एकविसाव्या शतकात हे संकट तीव्र झाले. ओहायओतील अँटिऑक महाविद्यालय २००८ मध्ये बंद पडून २०११ मध्ये पुन्हा उघडले. व्हर्जिनियातील स्वीट ब्रायर हे स्त्रियांचे महाविद्यालय बंद करण्याचा निर्णय २०१५ मध्ये जाहीर झाला. परंतु माजी विद्यार्थिनींनी निधी उभारून व न्यायालयात लढून ते वाचविले. व्हर्माँटमधील मार्लबरो २०२० मध्ये व न्यूयॉर्क राज्यातील वेल्स (१८६८) २०२४ मध्ये बंद झाले, तर कॅलिफोर्नियातील मिल्स हे स्त्रियांचे महाविद्यालय २०२२ मध्ये नॉर्थईस्टर्न या मोठ्या विद्यापीठात विलीन झाले. श्रीमंत संस्थांच्या दाननिधीच्या उत्पन्नावर २०१७ मध्ये कर बसविण्यात आला. २०२५ च्या कायद्याने त्याचे दर वाढविले. परंतु शुल्क भरणारे ३,००० हून कमी विद्यार्थी असलेल्या संस्थांना त्यातून वगळले. आकाराने लहान असण्याचा हा अलीकडचा लाभ होय. मात्र ज्यांच्यापाशी असा निधीच नाही, त्या महाविद्यालयांना त्याचा उपयोग नाही.

मूल्यमापन : संशोधन, विषयांची विविधता आणि अल्प खर्चात बहुसंख्यांना शिक्षण या बाबतींत विद्यापीठ निःसंशय सरस आहे. अननुभवी विद्यार्थ्याला विचार करावयास, लिहावयास व प्रश्न विचारावयास शिकविणे या बाबतीत उत्तम लहान महाविद्यालयाची बरोबरी विद्यापीठाला क्वचितच करता आली आहे. त्यासाठी केलेल्या निवासी गृहांच्या प्रयोगांतून विद्यापीठांनीही हे अप्रत्यक्षपणे मान्य केले. तथापि ‘लहान महाविद्यालय’ हा एकजिनसी वर्ग नाही. भक्कम दाननिधी असलेल्या मोजक्या संस्था सुरक्षित आहेत. स्त्रिया, कृष्णवर्णीय आणि आडगावची सामान्य मुले यांच्यासाठी निघालेल्या अनेक संस्थांचे अस्तित्व मात्र धोक्यात आहे. त्या बंद पडल्यास निकट सहवासाचे शिक्षण नाहीसे होणार नाही. परंतु ज्यांना त्याची सर्वाधिक गरज होती, त्यांच्या वाट्याला ते येणार नाही. इतिहासात मोठ्या संस्थांनी ज्यांना नाकारले, त्यांना लहान महाविद्यालयाने जवळ केले. ते कार्य पुढे चालविण्याइतके द्रव्यबळ त्याला मिळते की नाही, यावर त्याचे भवितव्य अवलंबून आहे.